समजाभाऊ आणि पुसलेली रेघ

समजाभाऊ गल्लीच्या तोंडाशी दिसले की आमच्याकडची दुकानं एकदम कामाला लागत. एरवी माश्या मारत बसणारा औषधवाला कपाटात डोकं घालून बाटल्या लावू लागे. शिंपी तोंडात चार टाचण्या धरे, म्हणजे बोलायचा प्रश्नच नको. आणि मी, खोटं कशाला सांगू, गॅलरीतून आत जाऊन दार लावून घेत असे. माणूस वाईट नव्हता. साठीच्या आसपासचा, किडकिडीत, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत प्लास्टिकच्या फायली. विमा एजंट. लोक त्यांना नव्हे, त्यांच्या एका शब्दाला भीत.

"समजा," ते म्हणत, आणि ऐकणारा घड्याळाकडे बघू लागे. समजा, उद्या आग लागली. समजा, जिन्यावरून पाय घसरला. समजा, नदी फुगली. बसा म्हणायच्या आत हा माणूस तुमचं घर जाळून, बुडवून, तुम्हाला दवाखान्यात टाकून मोकळा. शिंप्याने एकदा हात जोडले. "भाऊ, एक दिवस असं समजा की आमचं सगळं बरं चाललंय." तर हे अगदी गंभीरपणे म्हणाले, "समजलो. आणि समजा, ते तसं राहिलं नाही." त्या दिवसापासून त्यांचं नाव समजाभाऊ. खरं नाव पॉलिसीच्या कागदावर खाली कुठेतरी असणार. ते कुणी वाचलेलं नाही, कारण पॉलिसीच कुणी वाचत नाही.

माझा त्यांच्याशी अकरा वर्षांचा वाद. मी शाळेत तेहेतीस वर्षं भूगोल शिकवला. नदीचं कार्य म्हणजे खनन, वहन आणि संचयन, हे मी इतक्या मुलांकडून घोकून घेतलंय की झोपेतून उठवलंत तरी म्हणेन. आमच्या इमारतीपासून नदी चार गल्ल्या खाली. पूररेषा फळ्यावर रंगीत खडूने काढून दाखवणारी बाई मी, आणि मला हा माणूस पूर शिकवणार?

"मी वरच्या मजल्यावर राहते," मी सांगत असे. "पुराला माझ्याकडे यायचं तर जिना चढावा लागेल."

"समजा, चढला."

"तर त्याला चहा देईन. तुम्हीही घ्या आणि निघा."

ते चहा घेत आणि निघत. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा हजर. त्यांना राग येत नसे, आणि मला तर त्याचाच राग येई.

आमच्या इमारतीत खाली बाइंडरचं दुकान आहे. हा माझा जुना विद्यार्थी. भूगोलात काठावर पास, पण बोटांत कसब असं की शंभर वर्षांचं फाटकं पुस्तक त्याच्याकडून नव्या नवरीसारखं सजून परत येतं. रस्त्यापासून तीन पायऱ्या चढून दुकानात जायचं. आत खळीचा वास, पुठ्ठ्यांच्या थप्प्या, कापडाचे तागे, पुस्तकं दाबायचा लोखंडी दाब आणि भिंतीलगत कागद कापायचं मशीन. मशीन कसलं, ओतीव लोखंडाचं धूड. आठ माणसांनी पाइपांवरून घरंगळत आणून एकदा जिथे टेकवलं, ते तिथेच राहिलं. मागे भिंतीपर्यंत चार बोटांची फट. बाजूला कमरेच्या उंचीवर त्याची मोटर. त्या मशीनवर बाइंडरचं घर चालतं: बायको, दोन मुली, म्हातारे वडील.

कागदाचं दुकान म्हणून आगीचा विमा त्याने आधीच घेतलेला होता. समजाभाऊंनी त्याच्या फॉर्मवरच्या एका रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं.

"यात पाइप फुटून आलेलं पाणी बसतं. नदीचं बसत नाही. त्याला ही वेगळी खूण करावी लागते."

"पाणी ते पाणी, भाऊ," बाइंडर म्हणाला. "ते काय सांगत येतं, मी पाइपातलं की नदीतलं?"

"पाणी सांगत नाही. कागद विचारतो."

पुढच्या दारी शिंप्यालाही त्यांनी तोच चौकोन दाखवला होता. शिंप्याने "पाणी ते पाणी" म्हणून विषय संपवला. बाइंडर वर्षभर टिकला आणि मग एकदा, केवळ सुटका व्हावी म्हणून, त्याने खूण केली. तेवढ्यावर सुटका झाली नाही. समजाभाऊंनी फोन काढून प्रत्येक कप्प्याचे, प्रत्येक थप्पीचे, मशीनवरच्या नंबरच्या पट्टीचे फोटो घेतले, आणि दर वर्षी घेत राहिले.

"मशीनचा पासपोर्ट काढताय का, भाऊ?" बाइंडर विचारी. "कुठे परदेशी पाठवायचंय त्याला?"

"समजा, तशी वेळ आली," समजाभाऊ म्हणत, आणि फोटोंचे कागद काढून फाइलला लावत.

मग ते वर्ष आलं. वरच्या भागात पाच दिवस पाऊस आणि धरणाचे दरवाजे उघडलेले. दुपारी कर्ण्याची गाडी फिरून गेली. बाइंडरने खालच्या कप्प्यातलं जमेल तेवढं वर चढवलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि घरच्यांना घेऊन गावाच्या उंच बाजूला मेहुणीकडे गेला. सकाळी मी गॅलरीत आले तर गल्लीत नदी. दुकानाच्या तीन पायऱ्या एकेक करून दिसेनाशा झाल्या. मग शटरच्या फटीतून पाणी आत शिरायला लागलं, अगदी घाई नसलेल्या पाहुण्यासारखं. दोन दिवस ते राहिलं. वर मी कोरडी, खाली बाइंडरचं सगळं भिजतंय, आणि मी वरून बघण्यापलीकडे काही करू शकत नाही. वहन मी शिकवलं होतं, पण वाहून जाताना कपाटांचा जो आवाज होतो तो पुस्तकात नव्हता.

पाणी उतरल्यावर मला एक मिनिट बसवेना. सकाळी आम्ही पाचसहा जण फिरायला जातो. एक निवृत्त नर्स, एक बँकेतला जुना कारकून, बाकीचे असेच. सगळ्यांची वयं मिळून चारशेच्या घरात. मी सगळ्यांना उठवलं, खराटे, फावडी, बादल्या गोळा केल्या आणि आम्ही खालच्या गल्ल्यांत शिरलो. दोन दिवसांत सात घरं धुतली. माणसं रडत होती, चहा पाजत होती, हात धरत होती. आपण उपयोगी आहोत असं मला निवृत्तीनंतर इतकं कधी वाटलं नव्हतं. याची नशा असते. कबूल करते.

दुसऱ्या दिवशी वाटेत समजाभाऊंचं घर लागलं. दोन खोल्या, बैठं. दारात त्यांची बायको उंच स्टुलावर बसलेली, पाय विटेवर. मागे आख्खं घर चिखलात: गाद्या, कपाट, उलटं पडलेलं टेबल, सगळं जिथल्या तिथे.

"अहो वहिनी, दुसरा दिवस, आणि अजून खराटा लागला नाही?" मी विचारलं.

"हात लावायचा नाही असं सांगून गेलेत."

"आणि स्वतः कुठे गेलेत?"

"लोकांचे चिखल बघायला. आमचा काय, घरचाच आहे. कुठे पळतोय?"

नर्स म्हणाली, "तासाभरात करून देतो की आम्ही."

वहिनींनी हात आडवा धरला. "नको हो. विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत नको. भांडी राहिली, अंथरुणं राहिली, आणि हे लोकांच्या फायली डोक्यावर धरून पाण्यातून चालत निघाले. एवढं सोसलं, आता त्यांचं ऐकलं नाही तर तेही वाया."

कोपऱ्यावरून वळल्यावर आम्ही हसलो. "समजाभाऊंनी चिखलाचं संग्रहालय काढलंय," असं मीच म्हणाले. मग म्हटलं, चला, बाइंडरचं दुकान करू. किल्ली माझ्याकडे आहे. बिचारा येईल तेव्हा त्याला ते ध्यान दिसायला नको.

चार तास लागले. पुठ्ठे फुगून पावासारखे झाले होते. ताग्यांचा रंग निथळून फरशीवर तांबडं-निळं तळं. सगळं ओढून बाहेर काढलं. पालिकेचा ट्रक दोनदा भरून गेला, तिसऱ्यांदा आला नाही, तेव्हा उरलेलं कोपऱ्यावरच्या ढिगात टाकलं. आतल्या भिंतीवर पाण्याची रेघ होती. तपकिरी, सरळ, पट्टी धरून ओढल्यासारखी. मला ती बघवेना. साबणाचं पाणी आणि घासणी घेऊन ती मी स्वतः पुसली, चारही भिंतींवरची. मशीनच्या मागे तेवढा हात घातला नाही, कारण माझा उजवा खांदा दुखतो. शेवटी आम्ही ओळीने उभे राहिलो, खराटे बंदुकांसारखे खांद्यावर, आणि कारकुनाने फोटो काढला. मागे भिंत लखलखीत.

चारच्या सुमारास समजाभाऊ आले. गुडघ्यापर्यंत चिखल, पिशवी छातीशी. दारात उभे राहून त्यांनी भिंती पाहिल्या, फरशी पाहिली, रिकामे कप्पे पाहिले.

"कुणी केलं हे?"

"आम्ही!" मी म्हणाले. अजून त्या खराट्याच्या तोऱ्यातच होते.

ते मटकन पायरीवर बसले. "बाई, उद्या अकराला सर्व्हेअर येणार आहे. आधीचे फोटो घेतलेत ना?"

कारकुनाने मोठ्या उत्साहाने फोन पुढे केला. त्यात आम्ही होतो.

"साऱ्या गावात पूर आलाय," मी म्हणाले. "त्याला पुरावा कशाला हवा? डोळे नाहीत का त्यांना?"

"पूर आला हे कुणीच नाकारत नाही. या दुकानात किती चढला, हे विचारतील. तीन पायऱ्यांवर दुकान आहे. समजा, आत पाणी गुडघाभर होतं, तर मशीनची मोटर कोरडी, वरचे कप्पे कोरडे. समजा, कमरेच्या वर गेलं, तर मोटर गेली. ते रेघ सांगते. रेघ कुठे आहे?"

रेघ कुठे असणार? माझ्या बादलीत.

त्याच वेळी बाइंडर आला. दुकान बघून त्याचे डोळे भरून आले. "बाई, तुम्ही या वयात..." असं म्हणत तो माझ्या पाया पडायला वाकला. मी मागे सरकले. शेवटी समजाभाऊंनीच सांगितलं, सावकाश, कुणाचं नाव न घेता. बाइंडर चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने मोटरवर हात ठेवला आणि एवढंच विचारलं, "म्हणजे हिचं काहीच मिळायचं नाही?" मग म्हणाला, "मेहुणीचा नवरा म्हणत होता, त्यांच्या गोदामात माणूस हवाय. पोती उचलायला." त्याची बोटं मी पाहिली. सुई-दोऱ्याची बोटं ती.

मला राहवेना. "थांबा," मी म्हणाले. "चिखलाला काय तोटा आहे? बादलीभर आणा. रेघ मी पुसली, तिची उंची मला पाठ आहे. इथे होती." मी भिंतीवर तळवा आडवा टेकवला, खांद्याच्या जरा खाली. "यात खोटं काय आहे? रेघ होतीच. आपण ती परत जागेवर ठेवतोय."

नर्सने लगेच स्पंज शोधला. कारकून म्हणाला, "तर्काला धरून आहे." मी बादली घेऊन भिंतीकडे निघाले. बाइंडर समजाभाऊंकडे बघत राहिला.

समजाभाऊ उठून बादली आणि भिंत यांच्या मध्ये उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "समजा."

मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. समजा, सर्व्हेअरने ओळखलं. समजा, सगळाच दावा फेटाळला. मी उत्तरंही तयार ठेवली होती. पुढचं वाक्य आलं नाही. ते नुसते उभे होते, चिखलाने माखलेले, माझ्याकडे बघत. वाक्य संपलेलं आहे हे माझ्या लक्षात यायला चांगला मिनिटभर गेला. अकरा वर्षं मी त्या शब्दाचा एकच अर्थ ऐकत आले होते. त्याला दुसराही आहे, आणि तो अगदी साधा आहे.

मी बादली खाली ठेवली.

"बरं," समजाभाऊ बाह्या सरसावत म्हणाले, "आता बघू, पाणी आणखी कुठे कुठे सही करून गेलंय."

आमची फौज पुन्हा कामाला लागली, या वेळी उलट्या दिशेने. कोपऱ्यावरच्या ढिगातून बाइंडरचा माल ओळखून आणायचा आणि दुकानासमोर प्लास्टिकवर मांडायचा: पुठ्ठे एकीकडे, तागे एकीकडे, दोऱ्याची रिळं एकीकडे. ज्या हातांनी फेकलं त्याच हातांनी उचललं. ट्रकने गेलं ते गेलं. मी कचऱ्यात कमरेपर्यंत उतरले होते आणि औषधवाला दारातून बघत होता. बघू दे म्हटलं.

आत समजाभाऊ मशीनपाशी उभे होते. "याच्या मागे कुणी हात घातला होता का?"

"माझा खांदा दुखतो," मी म्हणाले.

त्यांनी शिंप्याकडून हातातला आरसा मागवला. बाइंडरने बॅटरी धरली. आरसा फटीत तिरपा सरकवला, आणि त्यात दिसली. तपकिरी, सरळ, कुणीही न पुसलेली. बाइंडरने स्टीलची पट्टी लावली आणि बाजूच्या भिंतीवर त्याच उंचीला खडूने खूण केली. मोटरच्या चार बोटं वर. मोटर बुडाली होती, हे सिद्ध.

पण मी जिथे तळवा टेकवला होता, तिथून ती खूण वीतभर खाली होती.

मी दोनदा बघितलं. त्या वीतभर अंतरात एक आख्खा कप्पा होता, वरून दुसरा. बाइंडरने आठवून सांगितलं, त्यावर तो नेहमी रिकाम्या चौकटी ठेवतो. मला तर तिथे भिजलेली थप्पी स्वच्छ आठवत होती. शपथेवर सांगितलं असतं. भीतीने पाणी वाढतं, दुसरं काय. मी चिखलाची रेघ ओढली असती, तर एकाच दुकानात पाण्याच्या दोन उंच्या झाल्या असत्या, एक नदीची आणि एक माझी.

"वीतभर," समजाभाऊ म्हणाले. बस्स, इतकंच. त्यांच्या जागी मी असते तर तासभर बोलले असते.

दुसऱ्या दिवशी सर्व्हेअर आली. तिशीतली मुलगी, रबरी बूट, डोळे झोपेविना लाल. ती भिंतीकडे बघत राहिली. "भिंत फारच स्वच्छ आहे."

"मी पुसली," मी म्हणाले.

"का, आजी?"

"मूर्खपणा."

तिने कागदावर काहीतरी लिहिलं. तोच शब्द लिहिला की काय, कोण जाणे. मग तिने आरशातून रेघ पाहिली, मोजली, मोटरचं झाकण उघडायला लावलं. आतून गाळ ओघळला. मागच्या गल्लीतल्या खांबावरची उंची तिने आधीच घेतलेली होती. पायऱ्यांचा हिशेब धरून दोन्ही आकडे जुळले. "बरं झालं," ती म्हणाली. "सकाळी एका ठिकाणी भिंतीवरचा चिखल ओला होता. गावभर वाळलाय आणि तिथे ओला." नर्सने माझ्याकडे पाहिलं. मी नदीच्या दिशेने पाहिलं.

समोर मांडलेला माल तिने एकेक करून लिहून घेतला, समजाभाऊंचे जुने फोटो शेजारी धरून. "आणि बाकीचा?"

"ट्रकने गेला," बाइंडर म्हणाला.

"जे दिसत नाही ते मी कसं लिहू, दादा?" तिला वाईट वाटत होतं, पण तिने लिहिलं नाही.

अडीच महिन्यांनी दावा मंजूर झाला. मोटर आली, दुरुस्ती झाली, मशीन पुन्हा खडखडू लागलं. गोदामातली पोती उचलायची वेळ बाइंडरवर आली नाही. ट्रकने नेलेल्या दोन खेपांचं मात्र काही मिळालं नाही, आणि त्या माझ्या नावावर आहेत. त्याने एकदाही बोलून दाखवलं नाही. फक्त रंगकाम काढलं तेव्हा गॅलरीकडे तोंड करून ओरडला, "बाई, घासायचं काम वाचलं हो माझं, भिंत तयारच आहे!" मशीनमागची पट्टी त्याने रंगवली नाही. रंगाऱ्याचा हात तिथे जात नाही, असं सांगतो.

शिंप्याचं वेगळं झालं. त्याचा चौकोन रिकामा होता. मदत त्यालाही आली, नाही असं नाही: ब्लँकेटं, बिस्किटं, पातेल्यांचे तीन संच, मेणबत्त्या. आम्हीच वाटत होतो. पण त्यात शिलाई मशीन नव्हतं. मी यावर पुष्कळ विचार केला. मदत करणारा आपल्याजवळ जे असतं ते देतो. समोरच्याचं नेमकं काय गेलं, हे त्याला कसं ठाऊक असणार? ते आधीच कुठेतरी लिहून ठेवावं लागतं, कोरड्या दिवसात, कोरड्या हातांनी, आणि तेव्हा ते लिहायला लावणारा माणूस आपल्याला नकोसा असतो. आमचा शिंपी आता दुसऱ्याच्या दुकानात बसतो. टाचण्या तोंडात असतात, पण समजाभाऊ दिसले की काढतो.

समजाभाऊंच्या घरी सर्व्हेअर पोचली ती नवव्या दिवशी, सगळ्यात शेवटी. यांनी स्वतःची खबरच शेवटी दिली होती. आम्ही घर धुवायला गेलो तर वहिनींनी दारातच बादली माझ्या हातात दिली. "घ्या. तुम्हाला पुसायची फार हौस ना?"

फरशी घासता घासता त्यांनी सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. एजंट व्हायच्या आधी समजाभाऊ चौदा वर्षं विम्याच्या कचेरीत टायपिस्ट होते. नकाराची पत्रं टाइप करायची. आपला दावा मान्य करता येत नाही, कारण. त्या 'कारण'च्या पुढे रोज नवं काही. खूण केली नव्हती. मुदत संपली होती. माल टाकून दिला होता. "रात्री जेवताना ती कारणं म्हणून दाखवायचे," वहिनी म्हणाल्या. "एक दिवस म्हणाले, हे लोकांना पत्र जायच्या आधी कुणी सांगत का नाही? आणि नोकरी सोडून आले. मी महिनाभर बोलत नव्हते."

म्हणजे प्रत्येक 'समजा' हे त्यांनी कधीतरी टाइप केलेलं एकेक पत्र होतं. आणि आम्ही दारं लावून घेत होतो.

त्या वर्षी ठरलेल्या महिन्यात ते माझ्याकडे आले. मी चहा ठेवला आणि म्हटलं, "काढा तो फॉर्म. वरच्या मजल्यावर पूर यायचा नाही. पण खालची भिंत खचली तर मी काही हवेत राहणार नाही." त्यांनी फॉर्म काढला आणि चौकोन दाखवला. मी सगळी पॉलिसी वाचली, मागची बारीक अक्षरंही. दोन शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या. खाली त्यांचं खरं नावही वाचलं. चांगलं आहे. पण इतक्या वर्षांनी ते तोंडात बसणार नाही.

गेल्या वर्षी नदीपलीकडच्या वस्तीत पाणी शिरलं. आमची फौज गेली, चारशेत आता आणखी भर पडलेली. पहिल्याच घरात एक तरुण बाई पदर खोचून, ओलं फडकं हातात घेऊन भिंतीकडे निघाली होती. मी आडवी गेले.

"थांब. आधी फोटो. आधी खूण."

"अहो, सरका ना बाजूला! मदतीला आलात की अडवायला? बघवत नाही मला ते."

"मलाही बघवलं नव्हतं," मी म्हणाले. "समजा..."

तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर माझ्या चांगल्या ओळखीची होती. अकरा वर्षं मी ती दुसऱ्या कुणाला देत आले होते. मी पिशवीतून खडू काढून तिच्यापुढे धरला आणि ती तो घेईपर्यंत तिथून हलले नाही.